चार तळहातांची पकड

मोटारींच्या दुनियेत विक्रमांचे भारी कौतुक असते. अमुक गाडीने तमुक ट्रॅकची फेरी इतक्या मिनिटांत मारली, अशी बातमी आली की तरुण मंडळी तो आकडा तोंडपाठ करतात. मी कवितेच्या प्रांतातला माणूस. पण वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे झाली की ओळ अडखळते, हे मला ठाऊक आहे. इथेही अर्ध्या सेकंदाने विक्रम जातो. तो अर्धा सेकंद कुठून येतो, ते आज पाहू.

मागे उघडणारे दार असलेली आटोपशीर मोटार म्हणजे हॅचबॅक. तिलाच जोरकस इंजिन बसवले, ब्रेक आणि स्प्रिंगा सुधारल्या की झाली हॉट हॅचबॅक. फोक्सवॅगनची पोलो आपल्या ओळखीची. 2009 पासून 2022 पर्यंत ती पुण्याजवळ चाकणला तयार होत होती. तिचे जीटीआय हे तापट भावंड 2016 मध्ये परदेशातून आयात होऊन आले. पोलोच्या शर्यतीही 2010 पासून आपल्या देशात झाल्या. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सगळ्यांना सारख्या गाड्या आणि सारखे टायर दिले जात. म्हणजे जो पहिला येई, तो स्वतःच्या कसबावर.

विक्रमाच्या फेरीत मात्र असे नसते. जर्मनीतला न्यूर्बुर्गरिंग हा या गाड्यांचा आखाडा. सत्तराहून अधिक वळणांची, 20.832 किलोमीटरची ही फेरी 2019 मध्ये रेनोच्या मेगान ट्रॉफी-आर या गाडीने 7 मिनिटे 45.389 सेकंदांत मारली. वजन घटवण्यासाठी तिची मागची सीटसुद्धा काढलेली होती. 2023 मध्ये होंडाच्या सिव्हिक टाइप आरने 7 मिनिटे 44.881 सेकंदांची वेळ नोंदवली. ताशी सरासरी सुमारे 161 किलोमीटर वेग, आणि दोघींमधले अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदाचे! शोरूममधून निघताना या होंडाला वेगळे टायर असतात. विक्रमाच्या दिवशी तिच्यासाठी खास तयार केलेले, ट्रॅकला मानवणारे मिशेलिन टायर होते. कंपनीने हे लपवले नाही, पण आकडा लक्षात ठेवणारे टायर विसरून जातात.

टायरला एवढे महत्त्व का? चौदाशे किलोची गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणची जागा साधारण तळहाताएवढी. इंजिनाचा जोर, ब्रेकची ताकद, स्टिअरिंगचा हुकूम, सगळे या चार तळहातांतूनच जमिनीला पोचते. त्यातही या गाड्यांची बहुतेक पुढची चाके ओढणारी. ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार एकाच जोडीवर. पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. वळणावर निम्म्याहून जास्त खर्चला, तर ब्रेकसाठी उरणार किती?

ट्रॅकच्या टायरचे रबर मऊ असते. तापले की ते डांबराच्या बारीक खडबडीत शिरते आणि रस्ता धरून ठेवते. खाचा कमी असल्याने जास्त रबर जमिनीला लागते. पण हा टायर थंड असताना पुरता जागा होत नाही, फार तापला की थकतो आणि झिजतो भराभर. रस्त्यावर पाणी साचले, तर ते बाहेर काढायला त्याच्याकडे पुरेशा खाचा नसतात. मग टायर पाण्यावर तरंगू लागतो. ट्रॅकवरचा उस्ताद पावसात हतबल होतो, तो असा.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हे समजायला जर्मनीला जायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला उंच दाते असतात. काळ्या मातीत ते रुतून जोर लावतात. तोच ट्रॅक्टर डांबरीवर आला की फक्त दात्यांची टोके टेकतात आणि झिजत राहतात. टायर चांगला की वाईट, हे रस्ता पाहून ठरते.

माझा भाचा एकदा म्हणाला, “मामू, गाडीला रुंद टायर टाकू का? काय रुबाब दिसेल!” मी त्याला म्हटले, “बेटा, कोरड्या रस्त्यावर पकड थोडी वाढेल. पण पावसात रुंद टायर लवकर तरंगतो, आणि पेट्रोलही जास्त पितो. कंपनीने ज्या मापाचा टायर दिला, तोच राहू दे.”

आता आपली वाहने वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्गाला लागतात. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला. मोटारींना तिथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायर तापतो. त्यात हवा कमी असेल, तर त्याच्या बाजू सारख्या दबत-उठत राहतात, आणखी तापतात, आणि शेवटी टायर फुटतो. उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो घातक आहे. दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला आकडाच प्रमाण माना. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासा.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. टायरच्या अंगावर एका लंबगोलात चार अंक असतात. 2219 असे असेल, तर तो 2019 च्या बाविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी जुन्या रबराला भेगा पडतात, हे विसरू नका.

विक्रमासाठीचा टायर काही फेऱ्यांपुरता जगतो. आपल्या टायरला मात्र उन्हापावसात अख्खे घर घेऊन जायचे आणि परत आणायचे असते. पुढच्या प्रवासाला निघण्याआधी पाच मिनिटे खाली वाका, आणि चारही तळहात तपासा. डिकीतला पाचवाही.