जोखमीचे आकलन

जोखमीचे आकलन म्हणजे एखादी वस्तू, कृती वा तंत्रज्ञान यांपासून संभवणाऱ्या हानीविषयी व्यक्तीने किंवा समाजाने मनाशी बांधलेला अंदाज. हा अंदाज आणि तज्ज्ञांनी आकडेमोडीने काढलेली जोखीम यांत पुष्कळदा तफावत आढळते. ती का पडते आणि सार्वजनिक निर्णय घेताना तिला किती वजन द्यावे, हे या अभ्यासक्षेत्राचे दोन मुख्य प्रश्न आहेत. मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र व अर्थशास्त्र या विद्याशाखांतून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांवर संशोधन होत आले आहे. अणुऊर्जा, जनुकीय परिवर्तित पिके, कीटकनाशके, भूजलाचा उपसा इत्यादी पर्यावरणीय वादांच्या विश्लेषणात या संशोधनाचा उपयोग होतो. महाराष्ट्रात कापूस व केळी या पिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या खानदेशात, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुक्यांच्या पट्ट्यात, यांपैकी अनेक वाद एकाच शेतशिवारात एकत्र आलेले दिसतात.

संज्ञा

धोका आणि जोखीम हे शब्द बोलीत समानार्थी वापरले जातात. शास्त्रीय लेखनात त्यांत भेद करतात. हानी करण्याची क्षमता म्हणजे धोका. त्या धोक्याशी संपर्क येऊन प्रत्यक्ष हानी होण्याची शक्यता व त्या हानीची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. बंद डब्यातील कीटकनाशक धोकादायक असते. हातमोजे व मुखपट्टी न वापरता, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तोंड करून त्याची फवारणी केल्यास जोखीम वाढते. आकलन ही यापुढची पायरी होय. रोज फवारणी करणाऱ्या मजुराला ही जोखीम सवयीमुळे किरकोळ वाटू शकते, तर त्याच औषधाचा अंश भाजीत असल्याची बातमी वाचणाऱ्या शहरी ग्राहकाला ती फार मोठी वाटू शकते.

संशोधनाचा विकास

अमेरिकन अभियंता चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला लेख या क्षेत्राचा आरंभ मानला जातो. लोक स्वेच्छेने पत्करलेली जोखीम, लादलेल्या जोखमीच्या तुलनेत सुमारे हजारपट अधिक प्रमाणात सहन करतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. १९७० च्या दशकात अमोस ट्वर्स्की व डॅनियल कानेमन यांनी मनुष्य अनिश्चिततेत निर्णय घेताना कोणते ठोकताळे वापरतो, याचा अभ्यास केला. जी घटना सहज आठवते ती वारंवार घडत असावी असे मन गृहीत धरते, हा त्यांपैकी एक ठोकताळा. मोठा अपघात किंवा गाजलेली बातमी यांनंतर भीती वाढते आणि संथपणे होणारी हानी नजरेआड राहते, याचे एक कारण त्यातून मिळते.

पॉल स्लोविक, बरूक फिशहॉफ, सारा लिख्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भीती मोजण्याची पद्धत विकसित केली. तिला मानसमितीय पद्धत म्हणतात. त्यांनी ३० कृती व तंत्रज्ञाने यांची जोखमीनुसार क्रमवारी लावण्यास वेगवेगळ्या गटांना सांगितले. महिला मतदार संघटनेच्या सदस्यांनी व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला, तर तज्ज्ञांनी विसावा. तज्ज्ञांचा क्रम वार्षिक मृत्युसंख्येशी बऱ्याच अंशी जुळत होता. सामान्यांच्या मनात मात्र आणखी काही प्रश्न होते : हानी आपल्या ताब्यात आहे का, ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल का, लाभ कोणाला आणि झळ कोणाला? हे गुण दोन मुख्य घटकांत गोळा होतात, असे आढळले. पहिला घटक धास्ती व दुसरा अपरिचितता होय. हे दोन्ही घटक ज्या तंत्रज्ञानात प्रबळ असतात, त्याविषयी कठोर नियमनाची मागणी सहसा अधिक होते.

मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस व राज्यशास्त्रज्ञ ॲरन विल्डाव्स्की यांनी १९८२ मध्ये वेगळी भूमिका मांडली. समाज असंख्य धोक्यांतून काही निवडतो, आणि ही निवड त्याच्या समाजरचनेशी व मूल्यांशी निगडित असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिख बेक यांनी १९८६ मध्ये ‘जोखीम समाज’ ही संकल्पना मांडली. आधुनिक उद्योग संपत्तीबरोबर जोखीमही निर्माण करतो व तिच्या वाटपावरून नवे संघर्ष उभे राहतात, असे तिचे सार आहे. १९८८ मध्ये रॉजर कॅस्परसन व सहकाऱ्यांनी माध्यमे, संस्था व परस्परांतील संवाद यांमुळे जोखमीची जाणीव कशी वाढते किंवा विरते, याची सैद्धान्तिक चौकट दिली.

तज्ज्ञ व शेतकरी यांच्या संबंधांविषयी ब्रायन विन यांनी इंग्लंडमधील कुंब्रिया भागात केलेला अभ्यास महत्त्वाचा मानतात. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर काही आठवड्यांसाठी म्हणून निर्बंध घालण्यात आले. काही शेतांवर ते २०१२ पर्यंत टिकले. किरणोत्सारी सीझियमविषयी शास्त्रज्ञांचे प्रारंभीचे अनुमान चिकणमातीवर आधारलेले होते; डोंगराळ भागातील आम्ल, सेंद्रिय मातीला ते लागू पडले नाही. आपल्या कुरणांची माहिती असलेल्या मेंढपाळांना कोणी विचारले नव्हते. शासकीय तज्ज्ञांवरील त्यांचा अविश्वास अज्ञानातून आलेला नसून अनुभवातून आलेला होता, असे विन यांनी दाखवले.

खानदेशातील संदर्भ

रावेर तालुका सातपुडा पर्वत आणि तापी नदी यांच्या दरम्यान वसला असून त्याची सीमा मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याला भिडते. रावेर व सावदा परिसरातून केळी देशभर जातात. जळगावच्या केळीला व भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच जिल्ह्यात कापसाचेही मोठे क्षेत्र आहे.

बीटी कापूस : ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूतील जनुक घातलेल्या कापसाच्या तीन संकरित वाणांना केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मार्च २००२ मध्ये परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षी गुजरातमध्ये विनापरवाना बीटी बियाणे शेतात आढळले होते. परवानगीपूर्वीच शेतकऱ्यांनी स्वीकारलेल्या अशा बियाण्यांचा अभ्यास राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड हेरिंग यांनी केला आहे. नवे तंत्रज्ञान म्हणून कार्यकर्ते व शहरी वाचक यांना जी धास्ती वाटत होती, ती बोंडअळीने पीक जाण्याच्या भीतीपुढे अनेक शेतकऱ्यांना दुय्यम वाटली.

बीटी कापसाच्या परिणामांविषयी संशोधकांत एकमत नाही. योनास काथागे व मतीन कैम यांनी २०१२ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतील शेतकरी कुटुंबांच्या माहितीवरून एकरी उत्पादनात २४ टक्के वाढ झाल्याचे मांडले. के. आर. क्रांती व ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये दीर्घकालीन आकडेवारी तपासून असा निष्कर्ष काढला की कीटकनाशकांवरील खर्चात झालेली घट तात्पुरती ठरली व २०१८ पर्यंत हा खर्च बीटीपूर्व काळापेक्षा वाढला. या निष्कर्षावरही आक्षेप घेण्यात आले. बीटी कापसामुळे शेतकरी आत्महत्या वाढल्या, हा समज देशात व परदेशात पसरला होता. गियोम ग्रुएर व देबदत्त सेनगुप्ता यांच्या २०११ मधील अभ्यासात त्याला आधार आढळला नाही. मात्र काही भागांत व काही हंगामांत बीटी कापसापासून निराशा पदरी पडली, हे त्यांनी नोंदवले.

प्रत्यक्ष जोखीम वेगळ्या वाटेने आली. गुलाबी बोंडअळीत आधी एका व नंतर दोन्ही बीटी प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान झाले. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून बीटी पिकाभोवती साध्या कापसाच्या ओळी लावणे अपेक्षित होते. त्यासाठी बियाण्याच्या पाकिटासोबत वेगळी पुडी दिली जाई. बहुतेक शेतांत ती पेरली गेली नाही. एका शेतकऱ्याने ओळी लावल्याचा लाभ सर्व शिवाराला मिळतो आणि तोटा मात्र त्याला एकट्याला सोसावा लागतो, त्यामुळे ही जोखीम कोणाच्याच वैयक्तिक हिशेबात धरली गेली नाही. खानदेशात विहिरींच्या पाण्यावर मे महिन्यात केली जाणारी पूर्वहंगामी लागवड व हंगाम संपल्यावर राखला जाणारा फरदड कापूस यांमुळे अळीला दीर्घकाळ खाद्य मिळते. म्हणून फरदड न घेण्याचा सल्ला कृषी विभाग देतो आणि बियाण्याच्या विक्रीच्या तारखेवरही बंधन घालण्यात आले. ओलिताची सोय असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र लवकर लागवड हा पावसाच्या अनिश्चिततेवरील उपाय असतो. एक जोखीम टाळताना दुसरी वाढण्याचे हे उदाहरण आहे.

बीटी वांगे : ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता समितीने बीटी वांग्याला अनुकूलता दर्शवली. त्यानंतर तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच्या लागवडीस स्थगिती जाहीर केली. बांगलादेशात २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी मिळाली. कापसाच्या तुलनेत वांग्याला अधिक विरोध का झाला, याचे स्पष्टीकरण केवळ जैविक जोखमीत सापडत नाही. कारण दोन्हींत वापरलेले मुख्य बीटी प्रथिन एकाच प्रकारचे आहे. वांगे थेट खाल्ले जाते, भारत हे त्याच्या विविधतेचे माहेर मानले जाते आणि स्थानिक वाणांशी प्रादेशिक अस्मिता जोडलेली असते. खानदेशात भरिताच्या वांग्याचे स्थान पाहता हा मुद्दा सहज लक्षात येतो.

केळी पिकवणे व उतिसंवर्धन : कॅल्शियम कार्बाइड वापरून फळे पिकवण्यास भारतात कायद्याने बंदी आहे. त्यापासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. इथिलीन हे फळात नैसर्गिकरीत्या तयार होणारे संप्रेरक असून नियंत्रित खोलीत १०० पीपीएमपर्यंत त्याचा वापर करण्यास परवानगी आहे. ग्राहकाच्या मनात मात्र ‘औषधाने पिकवलेली केळी’ असा एकच वर्ग असतो. तसाच घोळ उतिसंवर्धित रोपांबाबत होतो. प्रयोगशाळेत एका झाडाच्या उतीपासून वाढवलेली रोपे जनुकीय परिवर्तित नसतात. ती मातृवृक्षाची प्रतिरूपे असतात. त्यांची खरी जोखीम एकसारखेपणात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात ‘ग्रो मिशेल’ या केळीच्या वाणाचा जागतिक व्यापार पनामा रोगामुळे संपुष्टात आला. त्याच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिश गटालाच, ज्यात जळगाव जिल्ह्यात रूढ असलेला ‘ग्रँड नैन’ हा वाण मोडतो, या रोगाच्या नव्या प्रकाराचा धोका आहे.

भूजल : रावेर व यावल तालुक्यांत तापीच्या गाळाचे जाड थर आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यातून पावसाचे पाणी त्यांत मुरते. केळीला वर्षभर पाणी लागते. वाढत्या उपशामुळे या दोन तालुक्यांची गणना केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनात अतिशोषित क्षेत्रांत झाली आहे. ही जोखीम परिचित, संथ व अदृश्य असल्याने मानसमितीय कसोट्यांवर ती धास्ती निर्माण करत नाही. ठिबक सिंचनामुळे प्रत्येक झाडामागे पाण्याची बचत होते. परंतु वाचलेल्या पाण्यावर बागेचे क्षेत्र वाढले तर एकूण उपसा कमी होत नाही. जमिनीखालचे पाणी सामाईक आणि कूपनलिका खाजगी असल्याने येथेही बोंडअळीप्रमाणेच सामूहिक पेच निर्माण होतो. पुनर्भरणासाठी तापी महापुनर्भरण प्रकल्पाबाबत महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला.

कीटकनाशके : २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. बीटी बियाण्यांवरील चर्चेच्या तुलनेत फवारणीची रोजची जोखीम तोवर राज्यातील सार्वजनिक वादात क्वचितच अग्रस्थानी आली होती. जोखीम सोसणारा मजूर आणि वाद घालणारे गट भिन्न असणे, हे यामागील एक कारण मानता येते.

टीका

जोखमीच्या आकलनाच्या अभ्यासावर मुख्यतः दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की लोकांची भीती ही मोजून दुरुस्त करण्याची चूक आहे, असे तो गृहीत धरतो. लोकांना माहिती पुरवली की विरोध मावळेल, या समजुतीला ‘उणिवेचे प्रारूप’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला झालेल्या विरोधात किरणोत्साराबरोबर जमीन, आंबा-काजूच्या बागा व मासेमारी यांचेही प्रश्न होते. केवळ किरणोत्सारावरील खुलाशाने त्यांचे उत्तर मिळत नाही. दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. प्रत्येक भीतीला समान मान दिल्यास सिद्ध झालेले अपाय व निराधार अफवा यांत फरक उरत नाही आणि नियमनाची साधने गाजलेल्या धोक्यांवर खर्च होतात.

या दोन आक्षेपांमधील मार्ग म्हणून अलीकडील संशोधनात दोन प्रश्न वेगळे करण्यावर भर दिला जातो. हानी किती संभवते, हा पुराव्याचा प्रश्न आहे. ती कोणी, कोणाच्या संमतीने व कोणत्या लाभासाठी सोसावी, हा न्यायाचा प्रश्न आहे. पहिल्यासाठी प्रयोगशाळा व शेतावरील नोंदी आवश्यक असतात. दुसऱ्याचा निर्णय, ज्यांच्या शेतात, विहिरीत वा शरीरात ती जोखीम उतरते, त्यांना वगळून घेता येत नाही.