मेणवलीच्या घंटेवरची मारिया

वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णेकाठी मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा बघायला लोक येतात, ‘स्वदेस’ सिनेमातला घाट बघायला त्याहून जास्त येतात. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका लहानशा दगडी घुमटीत एक घंटा टांगलेली आहे. साधारण साडेसहाशे किलोची, पंचधातूची म्हणून सांगतात. पोरे तिच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतात. घंटेच्या अंगावर काय आहे ते मात्र फार थोडे जण बघतात. तिथे मूल घेतलेली एक बाई कोरली आहे. ती मारिया, आणि ते मूल येशू. घंटा ओतली गेली 1707 साली.

हे साल मला भारी वाटते. त्याच वर्षी मार्चमध्ये औरंगजेब नगरला मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले, आणि पुढच्या जानेवारीत साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. मराठी राज्य साताऱ्यात नव्याने मांड ठोकत होते त्या सुमाराला कुठल्याशा भट्टीत एका पोर्तुगीज चर्चसाठी हे धातूचे रस एकत्र होत होते. बत्तीस वर्षांनी, मे 1739 मध्ये, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा उतरवल्या गेल्या आणि हत्ती-घोड्यांच्या लुटीसारख्या वर देशावर आल्या. मेणवलीची ही त्यांतलीच. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात गेली. ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून तिचा दाखला अजून बोलण्यात येतो. एक भीमाशंकरला आहे. कोकणातून घाट चढवून ही धुडे वर कशी आणली असतील, याचा विचार करत मी घाटाच्या पायरीवर बराच वेळ घालवला आहे.

माझ्या मते खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. घंटेचा धातू आणि तोफेचा धातू सख्खे भाऊ. दोन्हींत तांबे आणि कथील. घंटेत कथील जास्त, साधारण पाचवा हिस्सा, म्हणून ती वाजते आणि जोराचा घाव बसला तर तडकते. तोफेत कथील कमी, म्हणून ती स्फोट सोसते. युरोपात लढाई पेटली की चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतायची रीतच होती. इथे तोफांची गरज काही कमी नव्हती. तरी या घंटा वितळवल्या नाहीत, शंकराच्या दारात टांगल्या. आणि टांगताना मारियेवर कोणी छिन्नी चालवली नाही. विजयाची खूण म्हणून ठेवल्या असे इतिहासकार म्हणतात, ते बरोबरच असेल. पण खूण ठेवायची तर बाईचे चित्र तासून टाकले असते तरी चालले असते. ज्याने ते राहू दिले, त्याला ती कोण हे ठाऊक असो वा नसो, लेकुरवाळी आई आहे एवढे नक्की दिसले असणार.

आता ती घंटेवर का, हे सांगायला हवे. कॅथलिक चर्चमध्ये सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी दिवसातून तीनदा एक घंटा होते. तीन टोले, थोडी उसंत, पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि मग सलग घंटानाद. ऐकणारा हातातले काम थांबवून एक छोटी प्रार्थना म्हणतो. तिच्यामागची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. गालीलातल्या नासरेथ नावाच्या खेड्यात मारिया नावाची एक कुमारी राहते, योसेफ नावाच्या माणसाशी तिचे लग्न ठरले आहे. गब्रीएल देवदूत येऊन सांगतो की तुला मुलगा होणार. ती घाबरते, पण गप्प बसत नाही. हे कसे होईल, असा सरळ प्रश्न विचारते. उत्तर मिळाल्यावर म्हणते, मी प्रभूची दासी आहे, होऊ दे तसे. दिवसातून तीनदा वाजणारी ती घंटा म्हणजे या होकाराची आठवण. मारियेचे चित्र घंटेवर शोभते ते म्हणून.

याच अध्यायात पुढे मारिया एक गीत गाते. बायबलमधले ते सर्वांत बंडखोर गाणे, असे माझे जुने मत आहे. देवाने सत्ताधाऱ्यांना गादीवरून खाली ओढले, दीनांना वर उचलले, भुकेल्यांना तृप्त केले, धनवानांना रिकाम्या हाती लावून दिले, असा त्याचा आशय. ही बाई येऊन बसली कुठे, तर पेशवाईतल्या सर्वांत मुरब्बी कारभाऱ्याच्या घाटावर! नाना मोठे हिशेबी. त्यांना या गाण्याचा अर्थ कोणी सांगितला असता तर त्यांनी त्यावर काय शेरा मारला असता, याची मी अनेकदा कल्पना करून बघतो.

बायबलमध्ये घंटा आहेत का? चर्चच्या मनोऱ्यावरच्या नाहीत, पण घुंगरे आहेत. निर्गमाच्या पुस्तकात मोशेचा भाऊ अहरोन, म्हणजे पहिला मुख्य याजक, याचा झगा कसा शिवायचा याची बारीक मापे दिली आहेत. झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे, आणि दर दोन डाळिंबांच्या मध्ये एक सोन्याचे घुंगरू. अहरोन पवित्रस्थानात शिरेल आणि बाहेर येईल तेव्हा त्याचा आवाज झाला पाहिजे, नाहीतर तो मरेल. देवासमोर न वाजता जायचे नाही! आपण गाभाऱ्याकडे जाताना हात वर करून घंटा वाजवतो, तो हात मला इथे आठवतो. आणि डाळिंब म्हटले की आटपाडी. सांगली जिल्ह्याच्या त्या कोरड्या माळावर डाळिंबाच्या बागा लालभडक लगडलेल्या बघितल्या की अहरोनाच्या झग्याचा घेर डोळ्यांसमोर येतो. जखऱ्या संदेष्ट्याने तर याहून पुढची गोष्ट सांगितली आहे. त्या दिवशी घोड्यांच्या गळ्यातल्या घंटांवरसुद्धा ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशी अक्षरे असतील, असे त्याचे भाकीत. म्हणजे घंटेवर अक्षरे कोरण्याची कल्पना अगदीच उपरी नव्हे.

घंटेत मी फार रमलो; आता इकडच्या ख्रिस्ती वस्तीची थोडी पार्श्वभूमी उरकून घेतो. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, त्यांचे ‘ज्ञानोदय’ नियतकालिक 1842 मध्ये निघाले, साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे 1849 पासूनचे. महाबळेश्वरचे होली क्रॉस चर्च 1831 चे. मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांचे इस्पितळ 1894 मध्ये उभे राहिले. त्याच्या कितीतरी आधी, 1616 मध्ये, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. रेव्हरंड ना. वा. टिळक 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यातच होते. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून 1919 मध्ये गेले, आणि पुढचे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. या एकेका वाक्यावर स्वतंत्र लेख होईल. ते दुसऱ्या कोणीतरी लिहावेत.

आता पुन्हा चिन्हांकडे. चर्चच्या लाकडी वेदीवर, दगडावर, कापडावर जी चिन्हे दिसतात त्यांत एक चिन्ह सांगली जिल्ह्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. ते म्हणजे द्राक्षवेल. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की मी वेल, तुम्ही फाटे, आणि माझा पिता बागाईतदार. फळ न देणारा फाटा तो तोडतो, आणि फळ देणारा छाटतो, त्याला अजून फळ यावे म्हणून. शहरी वाचक इथे अडखळतो. चांगल्या फाट्याला कशाला कात्री लावायची? तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या माणसाला विचारा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा वेल पार उघडी करून ओलांड्यावर, म्हणजे आडव्या फांद्यांवर, नव्या काड्या घेतात. त्या काड्यांत पुढचे घड आतल्या आत धरतात. मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, डोळे मोजून. एक डोळा इकडे-तिकडे झाला तर घड गेला. पॅलेस्टाईनची वेल थंडीत झोपते, तिला एकच छाटणी पुरते. आपल्याकडे थंडी तेवढी नाही म्हणून वर्षाला दोन. येशूने हा दाखला तासगावात दिला असता तर शिष्यांनी नक्की विचारले असते, खरड की फळ?

त्याच दाखल्यात तोडलेले फाटे गोळा करून आगीत टाकतात. यहेज्केल संदेष्टा त्याहून परखड आहे. तो विचारतो, द्राक्षाच्या लाकडाचा उपयोग तरी काय? भांडे अडकवायला खुंटीसुद्धा होत नाही त्याची. छाटणीच्या दिवसांत बांधावर काड्यांचे ढीग पडलेले ज्याने पाहिले आहेत त्याला हे पटेल. वेलीला जोडलेली आहे तोवर त्या काडीला भाव. दुसरी गोष्ट गणनेच्या पुस्तकातली: मोशेने कनान देश हेरायला माणसे धाडली, आणि त्यांनी अष्कोल खोऱ्यातून द्राक्षाचा एक घड आणला, एवढा मोठा की दांड्याला अडकवून दोघांनी खांद्यावर वाहिला. सोबत डाळिंबे आणि अंजीरही होते. युरोपातल्या चर्चच्या काचांवर हे दोघे पुष्कळदा दिसतात. जुन्या पंडितांनी त्या दांड्यात क्रूस पाहिला आणि घडात ख्रिस्त. मला ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. मला ते दोघे बाजाराला निघालेले बागाईतदार वाटतात, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

सांगली जिल्ह्यातच बत्तीस शिराळा आहे, जिवंत नागांच्या पूजेसाठी एके काळी देशभर गाजलेला. आणि याच जिल्ह्यात मिरज, डॉक्टरांच्या पाट्यांचे गाव. त्या पाट्यांवर काठीला विळखा घातलेला साप असतो. बायबलमध्येही असा साप आहे, म्हणून पुष्कळ ख्रिस्ती मंडळी तो मोशेचाच मानतात. गोष्ट अशी: अरण्यात इस्राएल लोक कुरकुरू लागले, तेव्हा विषारी साप त्यांना डसले. मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला. डसलेला माणूस त्याच्याकडे बघे आणि जगे. पुढे येशू निकदेम नावाच्या माणसाला सांगतो की तो साप उंच केला तसेच मनुष्याच्या पुत्रालाही उंच केले जाईल. वैद्यकीच्या पाटीवरचा साप मात्र ग्रीकांच्या अस्क्लेपिअस देवाचा. एक साप, साधी काठी. काही पाट्यांवर दोन साप आणि पंख असतात. ती हर्मीसची काठी. हर्मीस हा व्यापाराचा आणि चोरांचाही देव. इस्पितळाचे बिल आल्यावर रुग्णाने यातून काय अर्थ घ्यायचा तो घ्यावा.

पितळी सापाच्या गोष्टीचा शेवट फारसे कोणी सांगत नाही. लोकांनी तो साप जपून ठेवला आणि शतकानुशतके त्याला धूप घातला. शेवटी हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. ज्याच्याकडे पाहून वाचायचे त्याचीच पूजा सुरू झाली होती. चिन्हांवर लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट नेहमी थोडी टोचते.

घंटेसारखाच झालेला आणखी एक प्रवास सांगायचा राहिला. कृष्णकमळ. आपल्याकडे अंगणात, कुंपणावर सर्रास दिसणारी ही वेल दक्षिण अमेरिकेची. तिथल्या स्पॅनिश धर्मगुरूंना या फुलात ख्रिस्ताचे सगळे दुःखसहन दिसले. भोवतीचे तंतू म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन फाटे म्हणजे तीन खिळे, दहा पाकळ्या म्हणजे दहा प्रेषित. बारापैकी विश्वासघात करणारा यहूदा आणि नाकारणारा पेत्र वगळून दहा! वेलीचे ताणे म्हणजे चाबूक. रोममध्ये जाकोमो बोसिओने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या फुलाच्या अर्थाविषयी लिहिले. वेल हिंदुस्थानात आली आणि मारियेच्या घंटेचे झाले तसे तिचेही झाले. शंभर तंतू कौरव, पाच पुंकेसर पांडव, तीन फाटे ब्रह्मा-विष्णू-महेश. नावच बदलले.

साताऱ्यात माझ्या ओळखीच्या एका वयस्कर पास्टरांच्या अंगणात ही वेल आहे. एकदा शेजारची शाळकरी मुलगी फूल घेऊन त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, “आजोबा, बघा, यात सगळे कौरव-पांडव आहेत.”

पास्टरांनी चष्मा लावून फूल उलटसुलट पाहिले. “आहेत खरे,” ते म्हणाले, “पण बाळ, तीन खिळे कुठे आहेत सांग बघू.”

“खिळे कसले?”

“बस इथे. सांगतो.”