जंगलवाटेसाठी कोणती क्वाड?

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिणेला, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात, हॅटफिल्ड-मॅकॉय नावाचं वाटांचं मोठं जाळं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वैरामुळे गाजलेल्या दोन कुटुंबांची नावं या वाटांना मिळाली आहेत. खाण आणि लाकूड कंपन्यांच्या जमिनींवरून जाणाऱ्या या वाटा २००० साली खुल्या झाल्या. आज त्यांची एकूण लांबी १६०० किलोमीटरच्या वर आहे, आणि आजूबाजूच्या काही गावांत क्वाड, म्हणजे कच्च्या वाटांवरची हँडलची चारचाकी, थेट रस्त्यावर आणून पेट्रोल भरता येतं. सोप्या वाटेला हिरवी खूण, अवघड वाटेला निळी, सर्वांत अवघडला काळी. इथे येणाऱ्या नव्या माणसापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो: हलकी, चपळ स्पोर्ट क्वाड घ्यायची, की शेतीकामासाठी बनलेली जड युटिलिटी क्वाड? अनेकांचं मन पहिल्या प्रथम स्पोर्टकडे ओढ घेतं. खेळासाठी फिरायचं, तर खेळाची गाडी घ्यावी, हा हिशेब सरळ वाटतो. जंगलवाटेच्या बाबतीत मात्र तो चुकतो. कोणती क्वाड योग्य, हे वाटेच्या वेगवान टप्प्यावर ठरत नाही. जिथे गाडी माणसाच्या चालीने सरकते, तो सर्वांत संथ टप्पा ते ठरवतो.

या चुकीच्या हिशेबाला इतिहासाचं कारण आहे. होंडाने १९७० साली फुगीर, कमी हवेच्या टायरांची तीनचाकी बाजारात आणली. वळणावर ती चटकन उलटायची. सुझुकीची चारचाकी ‘क्वाडरनर’ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, आणि त्यानंतर काही वर्षांतच क्वाडचं घराणं दुभंगलं. एकीकडे सुझुकीची ‘क्वाडरेसर’ आणि होंडाची २५०आर या शर्यतीच्या गाड्या, दुसरीकडे होंडाचीच चारही चाकांना ताकद देणारी ‘फोरट्रॅक्स ३५०’. अपघातांच्या दबावाखाली कंपन्यांनी १९८८ साली अमेरिकी सरकारशी करार केला आणि तिथली नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्या काळातली कामाची क्वाड खरोखरच कठीण होती. ओझं पेलण्यासाठी मागचा भाग ताठ ठेवलेला असे, आणि खडकाळ वाटेवर चालकाची पाठ शेकून निघे. पोलारिसने १९९६ साली ‘स्पोर्ट्समन ५००’ आणली आणि तिच्या मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमिनीवर टेकून राहू लागलं. यामाहाच्या ‘ग्रिझली ७००’ वर २००७ साली पॉवर स्टिअरिंगही आलं. ‘स्पोर्ट फिरायला, युटिलिटी शेताला’ हे मत या बदलांच्या आधीचं आहे. गाड्या बदलल्या, मत तसंच राहिलं.

फरक नेमका कुठे आहे, हे पाहायला यामाहाच्याच दोन क्वाड शेजारी ठेवाव्यात: ‘रॅप्टर ७००’ आणि ‘ग्रिझली ७००’. दोन्हींचं इंजिन एक सिलिंडरचं, ६८६ सीसीचं. म्हणजे इंजिनाच्या आकाराचा वाद इथे उरतच नाही. रॅप्टरचं वजन पेट्रोल-तेलासह १९० किलोच्या आसपास, ग्रिझलीचं ३०० च्या वर. रॅप्टरची मागची चाकं २० इंची, ग्रिझलीची २६-२७ इंची. रॅप्टरच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा एकच अखंड एक्सल असतो, आणि चेनचं स्प्रॉकेट व ब्रेकची चकती त्याच्यावरच बसवलेली. त्यामुळे गाडीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून जेमतेम ११-१२ सेंटिमीटर उंच राहतो. ग्रिझलीच्या पोटाखाली २८ सेंटिमीटरहून अधिक मोकळी जागा असते. ट्रकच्या चाकांनी खोल चऱ्या पाडलेल्या वाटेवर, किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्यावर, हा फरक निर्णायक ठरतो. स्पोर्टची पुढची चाकं पार होतात आणि मागचा एक्सल अडकतो. नेमका तोच भाग अडकतो जिथे चेन आहे, चकती आहे, मोडण्यासारखं सगळं आहे.

अखंड एक्सलचा दुसरा परिणाम वळणावर कळतो. मागची दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरतात, पण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून स्पोर्ट क्वाड वळवायची तर मागची बाजू थोडी घसरवावी लागते. वाळूच्या टेकड्यांवर ही घसरण हाच सारा आनंद असतो. कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल सँड ड्यून्ससारख्या ठिकाणी स्पोर्ट क्वाडला तोड नाही. झाडांच्या मुळांनी भरलेल्या, दोन्ही बाजूंना खोडं असलेल्या वाटेवर घसरवायला जागाच नसते. तिथे चालक हँडलशी झटत राहतो आणि पुढची चाकं सरळच जाऊ पाहतात. शिवाय घसरणारं चाक माती उकरतं, आणि त्या उकरलेल्या जागी पुढच्या पावसात ओघळ पडतो. अमेरिकी वनखात्याने २००५ साली नियम केला की मोटारवाहनं ठरवून दिलेल्या वाटांवरच चालवायची. त्यात वाटांची धूप हा मोठा मुद्दा होता. वाट टिकली तर फिरणं टिकेल, तेव्हा कमी घसरणारी गाडी निवडणं ही इतरांसाठीही केलेली निवड आहे.

गिअरचं गणितही तसंच. स्पोर्ट क्वाडला हाताचा क्लच आणि पायाचा गिअर असतो, आणि पहिला गिअरही बऱ्यापैकी वेगाचा. दगडांच्या चढावर चालण्याच्या गतीने जायचं म्हणजे क्लच अर्धा दाबून धरणं आलं. काही मिनिटांत हात भरून येतो, आणि क्लच तापतो. युटिलिटीमध्ये बहुधा पट्ट्यावर चालणारं ऑटोमॅटिक गिअर असतं आणि सोबत ‘लो’ रेंज. अंगठ्याने थ्रॉटल हलकेच दाबायचा, गाडी सरपटत वर जाते. उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. रिव्हर्सबद्दल तर वाद नकोच. रॅप्टरला तो आहे, पण यामाहाच्या ‘वायएफझेड४५०आर’ला नाही, होंडाच्या ‘टीआरएक्स४५०आर’लाही नव्हता. झाड पडून अरुंद वाट बंद झाली, एका बाजूला दरी आहे, अशा वेळी रिव्हर्स नसलेली क्वाड हाताने उचलून फिरवावी लागते.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदार आहे. अमेरिकेतल्या ‘जीएनसीसी’ या जंगलातल्या शर्यतींत मुख्य गट ४५० सीसीच्या स्पोर्ट क्वाडचाच असतो, आणि डकार रॅलीत २०२४ पर्यंत जो क्वाडचा वर्ग होता त्यात रॅप्टर ७०० ने वर्षानुवर्षं वर्चस्व गाजवलं. मग स्पोर्ट जंगलाला चालत नाही असं कसं म्हणावं? उत्तर असं की ती चालते, पण शर्यतीत. जीएनसीसीची शर्यत साधारण दोन तासांची असते, गाडीचं सस्पेन्शन त्या चालकासाठी बदललेलं असतं, आणि गाडीची काळजी घ्यायला माणसं असतात. सुट्टीला निघालेला माणूस सहा-सात तास गाडीवर असतो, आणि त्याच्या मागे कुणी येणार नसतं. त्याला पाणी, हत्यारं, पंक्चरचं सामान, जेवण, रेनकोट हे सगळं सोबत न्यावं लागतं. युटिलिटीच्या पुढच्या-मागच्या कॅरिअरवर ते बसतं. स्पोर्टवर ते पाठीवरच्या पिशवीत जातं आणि प्रत्येक धक्क्याला खांदे ओढतं. रॅप्टरच्या टाकीत ११ लिटर पेट्रोल मावतं, ग्रिझलीच्या टाकीत १८ च्या आसपास.

दुसरा आक्षेप वजनाचा, आणि तो मी हलक्यात घेणार नाही. तीनशे किलोची गाडी चालकावर उलटली तर जीव जातो. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून नव्या कामाच्या क्वाडला चालकाचं रक्षण करणारी चौकट सक्तीची केली आणि स्थिरतेची किमान मर्यादा ठरवून दिली. खेळाच्या क्वाड या अटीतून वगळल्या होत्या. होंडा, यामाहा यांसारख्या कंपन्यांनी तिथे अशा क्वाडची विक्री बंद करणं पसंत केलं. या नियमामागे शेतांवरचे मृत्यू होते: फवारणीच्या टाक्या लादलेल्या, हेल्मेट नाही, माणूस एकटा, उतार रोजचा म्हणून गृहीत धरलेला. जंगलवाटेवर ओझं कमी असतं आणि हॅटफिल्ड-मॅकॉयसारख्या ठिकाणी हेल्मेट सक्तीचं आहे. तरी वजन ते वजनच. म्हणून माझं म्हणणं ७०० सीसीच्या गाडीपुरतं नाही. यामाहाची कोडिअ‍ॅक ४५० किंवा स्पोर्ट्समन ५७० अशा मधल्या आकाराच्या, मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या युटिलिटी बहुतेकांना पुरतात आणि आवाक्यात राहतात. एक धोका इथे सांगायलाच हवा. युटिलिटीची सीट लांब असते, ती चालकाला उतार-चढावावर मागेपुढे सरकता यावं म्हणून. मागे दुसऱ्याला बसवण्यासाठी नाही. दोघांसाठीच्या क्वाड वेगळ्या बनवलेल्या असतात. एकट्याच्या क्वाडवर दुसरा बसला की तोल बिघडतो, मग गाडी कितीही चांगली असो.

युटिलिटीत उणिवा आहेतच. खोल पाण्यात पट्टा भिजला तर घसरतो, आणि तुटला तर भर जंगलात बदलणं जिकिरीचं. लांबच्या प्रवासात जादा पट्टा सोबत हवाच. उभं राहून, शरीर झुकवून, गाडी अंगाचाच भाग असल्यासारखी चालवण्याचा आनंद स्पोर्ट देते तसा ती देत नाही. तरुण, तंदुरुस्त, रुंद कोरड्या वाटांवर जाणाऱ्या आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाने स्पोर्ट जरूर घ्यावी. त्याच्यासाठी तीच योग्य.

लोणावळा, अलिबाग किंवा गोव्यात भाड्याच्या क्वाडवर आखलेल्या फेऱ्या मारताना यातलं काहीच कळत नाही, कारण तिथे संथ टप्पा नसतोच. अमेरिकेत किंवा आणखी कुठे क्वाड विकत घेणाऱ्या मराठी वाचकांना एवढंच सांगेन: दुकानदाराला मोकळ्या मैदानावरची फेरी मागू नका. दगडांचा चढ मागा, चालण्याच्या वेगाने चढा, मध्ये थांबा, पुन्हा निघा, मग रिव्हर्समध्ये खाली या. हेल्मेट आधी घ्या, क्वाड नंतर. आणि सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोठ्यांची क्वाड देऊ नका, मग ती स्पोर्ट असो की युटिलिटी.