दिसतंय ना, मग तपासणी कशाला?

इस्लापूर हे किनवट तालुक्यातलं, मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं गाव. डोळ्यांच्या मोठ्या तपासणीसाठी इथून नांदेड गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे चष्म्याचा नंबर काढला की तपासणी संपली, असं अनेकांना वाटतं. पण नंबरावरून नजर कळते, डोळ्याच्या आतला आजार कळेलच असं नाही.

गैरसमज : नीट दिसतं, म्हणजे डोळे चांगले.
वस्तुस्थिती : मधुमेहात पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या तरी सुरुवातीला नजर शाबूत असते. टाइप २ मधुमेहाचं निदान होताच पडदा तपासावा, पुढे साधारणपणे दरवर्षी.

गैरसमज : डोळ्याचं प्रेशर नॉर्मल, म्हणजे काचबिंदू नाही.
वस्तुस्थिती : 10 ते 21 मिलिमीटर पारा हे प्रेशर सर्वसाधारण मानतात, पण तेवढ्यातही काहींना काचबिंदू होतो. म्हणून डोळ्याची नस पाहतात, फील्ड टेस्टने कडेची नजर मोजतात आणि ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचं स्कॅन, काढतात. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उपचाराने उरलेली राखता येते.

गैरसमज : ओसीटीच्या किरणांनी डोळे बिघडतात.
वस्तुस्थिती : 1991 साली जगापुढे आलेल्या या तंत्रात एक्स-रे नसतोच. सौम्य अवरक्त प्रकाशाने पडद्याचे थर दिसतात. पडद्याच्या रक्तवाहिन्या पाहण्याच्या अँजिओग्राफीत मात्र हातातून रंगद्रव्य टोचतात. अ‍ॅलर्जी किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगावं. नंतर दिवसभर लघवी पिवळी होते, त्याची भीती नको.

गैरसमज : बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी नजर अधू होते.
वस्तुस्थिती : साधारण चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन खुपतं, मग उतरतं. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, सोबत कुणीतरी न्यावं. डोळा ठणकला, उलटी झाली तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठावं.

गैरसमज : मोतीबिंदू पिकल्यावरच दाखवावा.
वस्तुस्थिती : फार पिकला की मागचा पडदा दिसत नाही, मग बी-स्कॅन सोनोग्राफी करावी लागते. शस्त्रक्रियेत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवायला डोळ्याची लांबी मोजतात. त्यात एक मिलिमीटर चुकलं तरी अडीच-तीन नंबरांचा फरक पडतो. म्हणून ही मोजणी टाळू नये.

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्ररोग विभाग आहे. जाताना जुने रिपोर्ट न्या आणि एवढं नक्की विचारा: "डॉक्टर, पडदा आणि नस तपासली का?"