दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेलं विमान

अमेरिकेत बनलेलं विमान मुंबईत उतरतं, तेव्हा भारताने त्याची तार न् तार तपासलेली नसते. जिथे विमान घडलं, तिथल्या नियामकाची तपासणी इतर देश बऱ्याच अंशी ग्राह्य धरतात. १९४४च्या शिकागो कराराच्या पायावर उभी राहिलेली ही व्यवस्था आहे. नव्या विमानाच्या चाचण्या वर्षानुवर्षं चालतात. प्रत्येक देशाने त्या मुळापासून करायच्या म्हटल्या, तर तेवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?

पण या विश्वासाला बोइंग ७३७ मॅक्सने तडा दिला. या विमानाच्या अपघातांत ऑक्टोबर २०१८मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९मध्ये इथिओपियात १५७ माणसं गेली. मॅक्सची इंजिनं मोठी होती आणि पुढे सरकवून बसवलेली, त्यामुळे काही स्थितींत नाक वर जाण्याचा कल वाढे. तो आवरायला ‘एमकॅस’ ही संगणकीय प्रणाली शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली आणत असे. हवा पंखावर कोणत्या कोनात येते, हे ती एकाच सेन्सरला विचारत असे. त्याने चुकीचं सांगितलं की ती पुन्हा पुन्हा नाक खाली दाबे. विमान घडत असतानाच एका झटक्यात शेपटीचा पंख फिरवण्याची तिची मर्यादा ०.६ अंशांवरून २.५ अंशांवर नेली होती. वैमानिकांना मात्र तिच्याबद्दल सांगितलेलंच नव्हतं. ब्राझीलच्या नियामकाने तेवढं तिचं प्रशिक्षण आवश्यक ठरवलं होतं.

दुसऱ्या अपघातानंतर चीनने ही विमानं लगेच जमिनीवर आणली, मग युरोपने आणि भारताने. अमेरिका १३ मार्चला, जवळजवळ शेवटी.

त्यानंतर जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामकाने नासा आणि नऊ परदेशी नियामकांना आपलंच काम तपासायला बोलावलं. ऑक्टोबर २०१९च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं: एमकॅसची माहिती कागदपत्रांत विखुरलेली होती आणि संपूर्ण प्रणाली म्हणून तिचं मूल्यमापन झालंच नाही. पुढे युरोप आणि कॅनडा यांनी स्वतःच्या वैमानिकांकरवी चाचणी-उड्डाणं केली. २०२०च्या साथीत, प्रवासावर निर्बंध असताना, युरोपची उड्डाणं कॅनडातल्या व्हँकूव्हरहून झाली.

अमेरिकेने नोव्हेंबर २०२०मध्ये मॅक्सला पुन्हा उडायची परवानगी दिली. युरोपने जानेवारी २०२१पर्यंत वेळ घेतला, भारताने ऑगस्टपर्यंत. एमकॅसच्या, दोन सेन्सरची तुलना करणाऱ्या नव्या रचनेवरही युरोपचं पूर्ण समाधान नव्हतं. कोनाचं तिसरं, स्वतंत्र मोजमाप पुढे विमानात आणण्याचं त्यांनी बोइंगकडून कबूल करून घेतलं.