आजोबा, रेकॉर्डिंग सुरू आहे!

लढाईवरून परतलेली माणसं घरात त्या विषयावर सहसा चकार शब्द काढत नाहीत. अमेरिकी काँग्रेसचे तेव्हाचे सदस्य रॉन काइंड यांच्या घरी मात्र एका कौटुंबिक मेळाव्यात वडीलधारी मंडळी अचानक बोलती झाली. काइंडनी त्यांना तिथंच थांबवलं आणि धावत जाऊन व्हिडिओ कॅमेरा आणला. मुलांनी पुढं कधीतरी हे ऐकावं, एवढाच हेतू. त्यातून जन्मलेल्या कायद्यावर 27 ऑक्टोबर 2000 रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची सही झाली आणि ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ उभा राहिला.

गंमत म्हणजे माजी सैनिकांच्या आठवणी जपायचं हे काम लष्कराकडे गेलं नाही. ते वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मधल्या लोकजीवन केंद्राकडे आलं, म्हणजे जिथं लोकगीतं आणि लोककथा जपतात तिथं. ते योग्यच झालं. लष्कराच्या दप्तरात हुकूम सापडतात. खंदकात पाय भिजले की काय वाटतं, ते सापडत नाही.

मुलाखत घेणारे हौशी: नातवंडं, शेजारी, दहावी आणि त्यापुढचे विद्यार्थी. अटी मात्र कडक. मुलाखत किमान 30 मिनिटांची हवी आणि तिला कात्री लागता कामा नये. त्यामुळं खोकला, अडखळणं, मधली लांबलचक शांतता सगळं तसंच राहतं. नवखे लोक कधी नेमका प्रश्न विसरतातही. पण नातवाला मिळणारं उत्तर इतिहासकाराला मिळेलच असं नाही.

पत्रं, मूळ फोटो, चित्रंही घेतात. पदकं आणि गणवेश मात्र नाहीत. टपालानं पाठवू नका, खासगी कुरिअर वापरा, अशी सूचना असते; कारण सरकारी टपालाची सुरक्षा प्रक्रिया फोटो आणि टेपांची नासाडी करू शकते.

ट्रेसी शुगरमन हा नौदलातला तरुण अधिकारी दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या मोहिमेत होता. बायकोला, जूनला, तो पत्रांबरोबर रेखाटनं आणि जलरंगातली चित्रं पाठवायचा. तिनं ती जपली, म्हणून आज ती या संग्रहात आहेत. सरकारी छायाचित्रकाराच्या मागं हुकूम असतो. इथं समोर फक्त जून होती, आणि तो फरक चित्रांत दिसतो.

फ्रँक बकल्स यांचीही मुलाखत इथं आहे. वय वाढवून सांगून 16व्या वर्षी ते 1917 मध्ये भरती झाले, रुग्णवाहिका चालवली; दुसऱ्या महायुद्धात मनिलात सापडले आणि नागरिक असूनही तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांच्या कैदेत राहिले. पहिल्या महायुद्धातले ते शेवटचे हयात अमेरिकी सैनिक. 2011 मध्ये, 110व्या वर्षी गेले.

जे परतलेच नाहीत, त्यांचं काय? 2016 च्या कायद्यानं त्यांच्या आईवडील, जोडीदार, मुलं आणि भावंडांच्या मुलाखतीही घ्यायला सुरुवात झाली.