त्रेचाळीस पूर्णांक ऐंशी

आमच्या भाचीचा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा घरात कोणी पेढे वाटले नाहीत. एकूण टक्केवारी ४३.८० होती. दुसऱ्या वर्षी तिच्या अब्बांना पक्षाघात झाला. त्यानंतरचे आठ-नऊ महिने ती सकाळी फळांच्या गाड्यावर आणि दुपारी दवाखान्यात असे. त्या वर्षी दोन विषय राहिले. ते पुढे सुटले खरे, पण गुण जेमतेम पडले. गुणपत्रिकेवर आकडा छापतात, त्यामागचे कारण छापत नाहीत.

मुलीला वकील व्हायचे होते. तिच्या फुफीच्या तलाकनंतर पोटगीसाठी कोर्टाच्या ज्या खेपा झाल्या, त्यातल्या निम्म्या खेपांना ही सोबत होती. आपल्या बाईचे म्हणणे आपल्यालाच धडपणे मांडता येत नाही, हे तिने तिथे पाहिले. निकाल घेऊन ती एका विधी महाविद्यालयात गेली. खिडकीवरच्या कारकुनाने गुणपत्रिका पाहिली आणि परत सरकवली. "पंचेचाळीस नाहीत, होणार नाही." एवढेच. घरी आल्यावर आम्हीही समजूत काढायच्या नावाखाली तेच म्हटले, "बेटा, वकिली हुशार मुलांची असते." या वाक्याची आम्हाला आजही लाज वाटते. स्थळे पाहायला सुरुवात झाली होती.

चार महिन्यांनी तीच आमच्याकडे आली, हातात प्रवेशाच्या माहिती पुस्तिकेची छापलेली पाने. "मामू, हे वाचा." आम्ही वाचले तेव्हा कळले की कारकून अर्धेच बोलला होता. तेच अर्धे सत्य आपल्या समाजातली किती मुले खरे मानून घरी बसत असतील, या विचाराने हा लेख लिहायला घेतला.

मुळात गोष्ट अशी आहे. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एल्‌एल.बी.ला किमान गुणांची अट आहे : खुल्या वर्गाला ४५ टक्के, महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत इतर मागासवर्गाला ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमालाही हेच. अपूर्णांक वर ओढत नाहीत, ४४.९९ म्हणजे ४५ नव्हे. पण ही फक्त उंबरठ्याची अट आहे. एकदा उंबरठा ओलांडला की ४५ टक्केवाला आणि ८० टक्केवाला एकाच रांगेत उभे राहतात, कारण गुणवत्ता यादी लागते ती राज्याच्या सीईटीच्या गुणांवर. २०१६ पासून अशी पद्धत आहे. त्याआधी पदवीच्या टक्क्यांवर प्रवेश होत, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून तोच जमाना आहे.

भाचीपुढे प्रश्न उरला तो १.२० टक्क्यांचा. आम्ही बागवान. राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत बागवान आहेत, अत्तार, मोमीन, पिंजारी असे अनेक मुस्लिम व्यवसायगट आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली ती याचसाठी. पण सवलत यादीत असून चालत नाही, कागदावर लागते. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढाच शब्द होता. तिच्या अब्बांच्या दाखल्यावरही तेच. आपल्यात जात नसते, असे अभिमानाने सांगून नाव लिहून दिलेले. दीनाच्या दृष्टीने बरोबरच आहे ते, पण प्रांत कार्यालयाला रकाना भरलेला हवा असतो.

इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो वडिलांकडच्या नात्यातला लागतो. आईच्या माहेरचा चालत नाही, म्हणजे आमच्या घरातले कागद काही कामाचे नव्हते. तिचे दादा तिसरीत शाळा सोडून गाड्यावर बसले होते. त्यांच्या गावच्या शाळेत पहिल्यांदा गेलो तेव्हा जुने रजिस्टर वाळवीने खाल्ल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या शिपायाने सांगितले की उर्दूचे वर्ग तेव्हा वेगळ्या इमारतीत भरत, ते दप्तर दुसऱ्या शाळेत गेले. तिथे सापडले. १९५४ सालची नोंद, शाई तपकिरी झालेली : 'मु. बागवाण'. ण बाणातला. त्या एका अक्षरासाठी नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र करावे लागले, पण नोंद मिळाली. मुलगी रजिस्टरवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी होती. दादांना तिने पाहिलेले नाही.

पुढचे सगळे खेटे सांगत नाही. वंशावळ, जातीचा दाखला, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचे नॉन-क्रिमीलेअर, मग जात पडताळणी समिती. पडताळणीला महिने लागतात. ज्यांच्या घरात मूल दहावीत आहे, त्यांनी हे काम याच वर्षी सुरू करावे. निकालानंतर सुरू केले तर प्रवेशाची फेरी तुमच्यासाठी थांबत नाही.

दरम्यान तिचा अभ्यास चालू होता. सीईटीचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. इंग्रजी भाषेचे प्रश्न तेवढे इंग्रजीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. कायद्याचे नियम देऊन त्याखाली एखादी घटना देतात आणि निवाडा विचारतात. त्यात ती रमली. सामान्य ज्ञानासाठी वर्तमानपत्र, आणि इंग्रजीसाठी शेजारच्या शिक्षिका आपांकडे रोज मगरिबनंतर एक तास. क्लास लावला नाही, पैसेच नव्हते.

ज्या बारावीच्या मुलांचा डोळा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांवर आहे, त्यांची वाट वेगळी आहे. तिथे क्लॅट लागते, ती इंग्रजीतच, चुकीला पाव गुण कापतात, आणि ओबीसींनाही ४५ टक्केच लागतात. ४२ची सवलत तिथे धरून चालू नका. बारावीला थोडक्यात हुकलेल्यांना मंडळाची श्रेणीसुधार परीक्षा आहे.

बहिणींसाठी दोन गोष्टी. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण आधी दहावी-बारावी झालेली हवी. बारावी न होता पूर्वतयारी करून थेट बी.ए. केलेल्यांना कायद्याचे दार बंद आहे. एका ओळखीच्या बाईंनी तीन वर्षे घालवून पदवी घेतल्यावर हे कळले, त्यांची निराशा पाहवली नाही. दुसरे म्हणजे वयाची अट नाही. मुले मोठी झाल्यावर चाळिशीत प्रवेश घेणाऱ्या बाया आहेत. मात्र घरबसल्या एल्‌एल.बी. होत नाही. सत्तर टक्के हजेरी लागते, आणि पत्रद्वारे केलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही.

सीईटीत भाचीला फार मोठे गुण पडले नाहीत, पण दुसऱ्या फेरीत जिल्ह्याच्या गावी जागा मिळाली. ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क माफ करण्याचा शासनाचा २०२४चा निर्णय तिच्या कामी आला. एस.टी.चा पास, पुस्तके आणि काळा कोट एवढा खर्च आमचा. पहिल्या सत्रात करार कायद्यात तिला वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे गुण आहेत. बी.ए.ची गुणपत्रिका तिथे कोणी विचारत नाही.

शाळेच्या रजिस्टरची साक्षांकित प्रत तिच्या अब्बांनी लॅमिनेट करायला काढली होती, आम्ही थांबवले. पडताळणीला मूळ शिक्का हाताला लागावा लागतो. आता ती प्लास्टिकच्या पाकिटात, लोखंडी पेटीत आहे. धाकट्या भावाचा बारावीचा फॉर्म भरून झाला आहे, आणि या वेळी जातीच्या रकान्यात काय लिहायचे हे त्याला कोणाला विचारावे लागले नाही.